शुक्रवारचं पाणी

कामतघर, भिवंडी
शुक्रवार, दि. ११ नोव्हेंबर २००५

चि. मृणाली हिस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. तुझ्या काकूचा गुडघा दुखतोच.

भाऊबिजेला तू ठेवून गेलेला प्रबंध दोनदा वाचला. टायपिंगच्या सत्तावीस चुका आहेत, यादी सोबत आहे. पान ४१ वर भरती-ओहोटीच्या वेळा उलट पडल्या आहेत. खाली तुझ्या सरांची सही आहे. म्हणजे त्यांनी पान उघडलं नसावं किंवा त्यांना ओहोटी माहीत नसावी. दोन्ही शक्य आहे.

तुमचा पर्यावरण संवर्धन विभाग मी दोन वर्षं बघतोय. सर काठावर, नाकाला रुमाल. नाल्याच्या पाण्याचं तापमान घ्यायचं ते बादलीत काढून, बादली जीपच्या सावलीत ठेवून. बाटल्यांवर नावं शाईने. ओल्या हाताने पुसली की अंदाजाने पुन्हा लिहायची. मी सातवी नापास. तीस वर्षं लूम दुरुस्त करतो. माझा अंदाज सुताएवढा चुकला तर शेठ दुसऱ्या दिवशी दारात उभं करत नाही. तुमच्यात बढती देतात असं दिसतं.

परवा पुतळाआत्या आली होती. खाडीत निवटी मासे मेले म्हणून तिने आणि तिथल्या मासेवाल्यांनी केलेला अर्ज परत आला. सोबत तुझ्या आकड्यांवरून विभागाने काढलेला अहवाल जोडलेला: नाल्याचं पाणी समाधानकारक. मला म्हणाली, "आपलेच पोरीनं लिवलाय ना, पानी चांगला हाय? मंग माजी निवटी कशाला मेली, केसरी?"

मी तिला चहा दिला. उत्तर मला ७ नोव्हेंबर २००३ पासून माहीत आहे.

तुम्ही चोवीस वेळा आलात. चोवीसही वेळा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, कारण त्या दिवशी विभागाची जीप मोकळी असते. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद, डाइंगवाले बंद. गुरुवारी रात्री रंगाचं पाणी थांबतं, एक भरती येऊन गेली की नाला धुतल्यासारखा. मंगळवारी हाच नाला जांभळा असतो. तू चार वर्षांची असताना दादा तुम्हाला घेऊन कल्याणला राहायला गेला, तुला हे ठाऊक नसेल. पण इतकी शिकलेली माणसं चोवीस वेळा कामतघरात उभी राहिली आणि एकानेही विचारलं नाही, की आज लूमची खटखट का नाही. कोन गावच्या धाब्यावर जेवायला मात्र तासभर होता.

मी का बोललो नाही तेही लिहितो. फोनवर जमलं नसतं. पहिल्या दिवशी मी वही घेऊन आलो होतो. सोळा वर्षांची नोंद: वार, भरती, पाण्याचा रंग, मेलेला मासा. सरांनी ती न उघडता माझ्या हातात बादली दिली आणि तुला विचारलं, हे कोण? सख्ख्या काकाबद्दल तू म्हणालीस, "इथलेच एक आहेत, मदत करतात."

मी वही पिशवीत घातली. म्हटलं, करा. दर महिन्याला बादली धरायची आणि घरी येऊन हसायचं. सरांचं हसं होईल तो दिवस बघायचा होता. पण सरांना काही होत नसतं. प्रबंध तुझा आणि मासे आत्याचे, हे तेव्हा कळत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. कळत होतं.

तीस तारखेला प्रबंध दाखल करू नकोस. दोन वर्षं गेली, ती मी घालवली. वही रजिस्टर पोस्टाने सोबत पाठवतो आहे. नक्कल नाही, मूळ आहे. जपून ठेव.

मंगळवारी, २२ तारखेला, बाराच्या सुमाराला ओहोटी पुरी होते. बाटल्या घेऊन ये, नावं पेन्सिलीने लिही. सरांना आणायचं तर आण. बादली त्यांनी धरायची. जीपमधून उतरून त्यांनी पुन्हा विचारलं, हे कोण, तर काय सांगायचं ते तू ठरव. म्हणून खाली नातं लिहिलेलं नाही. जागा सोडली आहे.

. . . . . . . . .
केसरीनाथ