एकविसाव्या बरणीतला खलाशी

४ मार्च
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी भलताच खूश! संग्रहालयाच्या तळघरात खोल समुद्रातले वाम मासे बरण्यांत ठेवलेत. त्यांच्या शास्त्रीय नावांचे अर्थ शोधून नोंदवहीत लिहायचे, हे माझं काम. ग्रीक-लॅटिन येतं ना, असं संग्रहप्रमुख बाईंनी विचारलं. मी छाती फुगवून हो म्हणालो. येतं ते दोन शब्दकोशांपुरतं. अर्थ सापडला नाही तर सरळ ‘अज्ञात’ लिहा, त्यात लाज कसली, असंही त्या म्हणाल्या. घरी येऊन धाकट्या भावाला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तो शिंपी, दिवसभर शीळ घालत मशीन चालवतो. समुद्र त्याने फक्त कॅलेंडरवर पाहिलाय.

७ मार्च
नेमिक्थिस म्हणजे दोऱ्यासारखा मासा. धाकटा म्हणाला, हा तर माझ्याच धंद्यातला! युरिफॅरिंक्स म्हणजे रुंद घशाचा, आणि जबडाही तसाच, पोत्याच्या तोंडाएवढा. सायमा म्हणजे गर्भ. काम आवडायला लागलंय.

१२ मार्च
एकविसाव्या बरणीवरचं नाव कुठल्याच कोशात नाही. कुणा माणसावरून ठेवलेलं असावं. ‘अज्ञात’ लिहायचं अगदी जिवावर आलं. आठवड्याभरातच पितळ उघडं पडलं असतं. म्हणून ठोकून दिलं: जाळ्याबरोबर खोल ओढल्या गेलेल्या एका खलाशावरून. खोटं खरं वाटावं म्हणून त्याला धाकट्याचंच रूप दिलं. डाव्या भुवईवर व्रण, ओठांवर शीळ.

१५ मार्च
बाईंना नोंद इतकी आवडली की मजकूर छापून बरणीशेजारी लावला. पाहुणे थांबून वाचतात, हळहळतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मान डोलावली.
घरी धाकट्याची उशी चिंब. घाम आला, म्हणाला. एवढा?

१८ मार्च
काल संग्रहालय बंद होतं, तर धाकटा ठणठणीत. आज शाळेची सहल आली. चाळीस मुलांनी मजकूर मोठ्याने वाचला. त्याच वेळी म्हणे धाकटा मशीनवर बसल्या बसल्या खारं पाणी ओकला. डॉक्टरांनी मलाच विचारलं, हा समुद्रात कधी पडला होता?
शीळ बंद झालीय. ओठ हलतात, नुसते बुडबुडे येतात.

२० मार्च
बाईंच्या दारापर्यंत तीनदा गेलो. तीनदा परतलो. चौथ्यांदा त्यांनीच बोलावलं. पाटीवर खलाशाचं नाव टाकायचंय. खरं सांगायची हीच वेळ होती. पण त्या इतक्या कौतुकाने बघत होत्या, की—
नाव सांगितलं मी. धाकट्याचं. पाठच्या भावाचं. थू माझ्यावर.

२१ मार्च, सकाळ
अंथरूण ओलं. धाकटा नाही. दाराला आतून कडी.

दुपार
नवी पाटी लागली. बरणीतल्या माशाच्या डाव्या डोळ्यावर व्रण—काल नव्हता. काचेला कान लावला. शीळ. बारीक, त्याचीच.
अजून जिवंत आहे. आत्ता खरं सांगितलं, पाटी उतरवली, तर कदाचित—
बाई जिना उतरतायत. बरोबर पाहुणे, वीसेक तरी. आता वाचतील. शीळ थांबली. माशाचं तोंड उघडतंय, हाक मारल्यासारखं—
सांगतो. सांगतोच. पण एवढ्या लोकांसमोर मी तोंड कसं—