एका पोत्याचा गहू

१८ ऑक्टो. १९७८
मारुती धनगरानं चार दिवस मेंढरं आपल्या एकरात बसवली, आज उठवली. रानभर लेंड्यांचा वास. वडील या वासालाच सुगी म्हणायचे.
पोरगा श्रीपती परवा सोलापूरहून येऊन बजावून गेला, "आबा, यंदा गहू धड आला नाही तर रान भानुदासकाकाला बटईनं देऊ. तुमचं वय झालं." झालं, खरं आहे. पण रान दुसऱ्याच्या हाती म्हणजे… असो.

१४ नोव्हें.
पेरणी. सोबत युरिया अर्धं पोतं. शेजारच्या एकरात भानुदास तीन पोती एकदम पेरून मोकळा. "गुर्जी, लेंड्यांवर गहू येतो व्हय?" म्हटलं, उरलेलं अर्धं पोतं पहिल्या पाण्याला. हसला.

५ डिसें.
एकविसावा दिवस, पहिलं पाणी. युरिया फेकायला निघालो तर मारुती बांधावरनं, "गुर्जी, वड्याकडच्या कोपऱ्यात म्हेंढरं लई दाटून बसलीवती. तितं काय टाकू नगा."
बरं म्हटलं. मग चौथीतली एक कविता तोंडात आली. चाळीस पोरांचा आवाज कानात. त्या तालावर मूठ सुटत गेली, कोपरा कधी आला नि गेला कळलंच नाही. मारुती नुसता बघत राहिला.

१० जाने.
भानुदासचा गहू काळाभोर. जाणारे-येणारे थांबून बघतात. माझा फिका. श्रीपतीचं पत्र, गहू कसा आहे? उत्तर टाकलं नाही.

१२ फेब्रु.
पाणी दिलं नि पाठोपाठ दोन दिवस वारा. भानुदासचा गहू जादा युरियानं उंच नि लुसलुशीत झालेला, वाकळ अंथरावी तसा लोळला. माझा उभा! लोळला फक्त ओढ्याकडचा कोपरा.
मारुती म्हणाला, "कविता लई जड झाली, गुर्जी."
पोट दुखेस्तोवर हसलो.

२० मार्च
मळणी. माझी अकरा पोती, भानुदासची सात, तीही चिमलेली. बिचारा आपणहून खळ्यावर आला. माझा दाणा तळहातावर घोळवून बघितला. "एका पोत्यात?" म्हटलं, एका पोत्यात, नि मारुतीच्या मेंढरांत. आज मान ताठ करून घरी आलो. वाटेत ती कविता पुरती म्हटली, कुणी ऐकत असेल तर ऐको.

२३ मार्च
श्रीपती आलाय. गव्हाच्या थप्पीपुढं उकिडवा बसला, दाणा चावून बघितला. मग खिशातनं कागद काढून, "आबा, दुसरं पाणी कितव्या दिवशी दिलं?" सांगितलं. लिहून घेतलं. "आणि तिसरं?"
बटईचं बोलला नाही. मीही काढलं नाही.