घड्याळजींच्या मृत्यूचे कारण दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. निबंधक साहेब,
जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय

विषय : मी दिलेल्या मृत्यूच्या दाखल्यातील ‘हृदयविकार’ हे कारण चुकीचे असल्याने ते बदलण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज परत पाठवताना आपल्या कार्यालयाने मारलेले शेरे.

महोदय,

सविनय सादर करतो, की मी गेली पस्तीस वर्षे कोपऱ्यावर दवाखाना चालवतो. आमच्या गल्लीत घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहत. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. पत्नी आणि शाळेत शिकवणारी मुलगी, एवढेच घर. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ते बावीस वर्षे माझ्याकडे येत होते.

१. गेल्या महिन्याच्या चार तारखेला सकाळी ते न्हाणीघरात कोसळलेले सापडले. मी पोचलो तेव्हा त्यांना पलंगावर निजवून चादर घातली होती. मी नाडी पाहिली, छातीला नळी लावली, डोळ्यांत बॅटरी मारली. चादर काढली नाही, पाठ पाहिली नाही, न्हाणीघरात डोकावलोही नाही. मुलगी म्हणाली, “काका, बाबांचा चेहरा किती गुलाबी दिसतोय. नक्की गेलेत ना?” मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, “शांतपणे गेले गं, म्हणून तेज आहे.” आणि तिथेच टेबलावर दाखला लिहून दिला.

२. त्यानंतर सहाव्या दिवशी वहिनी, म्हणजे घड्याळजींच्या पत्नी, दवाखान्यात आल्या. “अंघोळ केली की डोकं ठणकतं हो, मळमळतं,” म्हणाल्या. मी म्हटले, “दुःखाचा ताण आहे, वहिनी. झोप घ्या.” गोळी दिली. बाहेर रांग होती.

३. तेरा तारखेला वहिनीही त्याच न्हाणीघरात मरण पावल्या. नऊ दिवसांत एका घरात दोन मृत्यू झाल्याने शेजाऱ्यांनी पोलिसांना कळवले आणि शवविच्छेदन झाले. न्हाणीघरात गॅसचा गिझर होता. थंडी म्हणून खिडकीला पुठ्ठा ठोकलेला होता. गिझरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू आत कोंडत होता. शवविच्छेदन करणाऱ्या बाईंनी मला बोलावून विचारले, “डॉक्टर, आधीचा दाखला कुणी दिला?” मी म्हणालो, “मी.” कार्बन मोनॉक्साइडने मेलेल्या माणसाची कातडी गुलाबी दिसते, हे मी विद्यार्थी असताना परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

४. येथे हेही नमूद करणे माझे कर्तव्य आहे, की दोन वर्षांपूर्वी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांसाठी न्यायवैद्यकाच्या मूलभूत गोष्टींचे एक दिवसाचे शिबिर भरले होते. मला निमंत्रण होते. “तेहतीस वर्षं जिवंत माणसं बघतोय, मला मढ्यांचं काय शिकवणार?” असे म्हणून मी कंपाउंडरला हसवले आणि ते पत्र टोपलीत टाकले. मृत्यू अचानक आला तर जागा पाहावी, अंग उघडून पाहावे, कारण कळत नसेल तर सही न करता पोलिसांना कळवावे. एवढेच त्या दिवशी सांगितले गेले, असे आता समजते.

५. माझा पहिला अर्ज आपल्या कार्यालयाने परत केला, कारण दुरुस्तीच्या नमुन्यात नाव, वय आणि पत्ता एवढेच रकाने आहेत. दुसरा अर्ज परत आला, कारण मूळ दाखला देणाऱ्या डॉक्टरांचे ना-हरकत पत्र जोडलेले नव्हते. ते डॉक्टर मीच आहे, असे मी खिडकीवर सांगितले. बाबू म्हणाले, “ते ठीक आहे हो, पण पत्र पाहिजे.” त्याप्रमाणे मी माझे मलाच दिलेले ना-हरकत पत्र सोबत जोडले आहे. “माणूस तर गेलाच ना, कारण बदलून काय होणार?” असेही त्यांनी विचारले. महोदय, कारण खरे लिहिले असते तर गिझर त्याच दिवशी बंद झाला असता.

६. नातेवाइकाची संमती हवी, असाही शेरा होता. त्यासाठी मी घड्याळजींच्या मुलीकडे गेलो. घरात ती आता एकटीच असते. तोवर दोन्ही मृत्यूंचा संबंध तिला कुणी उलगडून सांगितला नव्हता. मी सांगितला. तिने कागद वाचला. मग म्हणाली, “म्हणजे बाबांच्या वेळीच कळलं असतं, तर आई असती?”

मी “हो” म्हणालो.

तिने सही केली. कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, “काका, आता तुम्ही जा.”

तरी विनंती, की घड्याळजींच्या नोंदीतील ‘हृदयविकार’ हा शब्द खोडून खरे कारण लिहावे. देह उरलेला नसल्याने पुरावा म्हणून माझी लेखी कबुली घ्यावी आणि ती पुढच्या शिबिरात वाचून दाखवावी. माझ्यावरील कारवाईस माझी हरकत नाही.

शेवटची विनंती अशी, की दुरुस्त दाखला टपालाने धाडू नये आणि माझ्या हातीही देऊ नये. आपल्या कार्यालयातील एखाद्या समजूतदार बाईंनी तो घड्याळजींच्या मुलीच्या घरी नेऊन द्यावा, आणि ती म्हणाली तर थोडा वेळ तिच्याजवळ बसावे.

आपला नम्र आणि या चुकीचा धनी,
(सही)
कोपऱ्यावरच्या दवाखान्याचा डॉक्टर
दि. १९ फेब्रुवारी