भुऱ्याची सुई

नवेगाव बांध
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय योगराजदादा,

नमस्कार. रोवणी आटोपली, धान बरा दिसतो आहे. तू आणि वहिनी खुशाल असाल. शेजारचा श्यामलालभाऊ उद्या पहाटेच नागपूरला निघतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. फोन का केला नाही म्हणशील, तर फोन बाबांच्या उशाखाली आहे, तुझा नंबरही त्यातच, आणि ते कोणाला हात लावू देत नाहीत.

आधी आपल्या कुत्र्याचं, भुऱ्याचं सांगते. ट्रॉलीवरून पडल्यापासून त्याचे मागचे पाय गेले, हे तुला माहीतच आहे. दुर्गेश्वरी मॅडम, जनावरांच्या डॉक्टर, म्हणाल्या की गोळ्या चालूच ठेवू आणि जोडीला अॅक्युपंक्चर करून बघू. केसासारख्या बारीक सुया पाठीत लावतात. पाय येतीलच असा शब्द त्या देत नाहीत, पण दुखणं कमी होईल म्हणाल्या. परवा रविवारी मी तुला फोनवर हेच सांगत होते.

काल सकाळी मॅडम आल्या, तर अंगणात भुऱ्या नाही. खाटेवर बाबाही नाहीत. दादा, ज्या माणसाला काठी टेकत मोरीपर्यंत जाणं कठीण, तो गेला कुठे? मातीत पोतं ओढत नेल्याची खूण होती, ती थेट तलावाकडे जात होती. मी अनवाणीच पळाले.

बांधावर बसले होते दोघे, अगदी पाण्याला लागून. पोत्यावर भुऱ्या, त्याचं डोकं बाबांच्या मांडीवर.

"काऊन आले जी इथं, बाबा?" मी ओरडलेच.

"तुमची सुई नाही पाहिजे त्याले. आज त्याले द्याल, उद्या मले."

आता तूच आठव, रविवारी काय बोललास. फोन स्पीकरवर होता, बाबांच्या खाटेवर. "अंग गेलेल्याला किती दिवस ओढणार? एक सुई देऊन मोकळे व्हा." तू कुत्र्याबद्दलच बोललास, मला कळतं. पण ऐकणाऱ्याचं डावं अंग होळीपासून गेलेलं आहे रे! मला तुझा फार राग आला आहे.

मॅडम मागोमाग बांधावर आल्या. त्यांनी एक सुई आधी स्वतःच्या मनगटाला टोचून दाखवली, तेव्हा कुठे बाबा ऐकले. सुया लागल्यावर भुऱ्याचे डोळे मिटले आणि बाबा घाबरलेच. त्याच्या पोटावर हात ठेवून श्वास चालू आहे का बघत राहिले.

"झोपला जी बाबा, आराम पडला त्याले," मॅडम म्हणाल्या.

सुया काढल्यावर त्यानं मान उचलून बाबांचा हात चाटला. पाय अजून तसेच आहेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा लावायच्या, बाबा हो म्हणालेत.

पण स्वतःची शुगरची सुई ते कालपासून घेत नाहीत. मी जवळ गेले की काठी आडवी धरतात. गावातले डॉक्टर आले आणि तसेच परत गेले. आज दिवसभर पाणीच मागत आहेत, बोलता बोलता डोळा लागतो. "कोणती सुई हाय, योगराजले विचार आधी," एवढंच म्हणतात.

मी सांगून टाकलं, दादा येऊन राहिला. तुला न विचारताच.

तर म्हणाले, "हातात काय घेऊन येते?"

"काहीच नाही. रिकाम्या हातानं येते," मी म्हटलं.

तसाच ये, दादा. पत्र मिळताच नीघ.

दारात उभी असलेली,
तुझी चंचल