उत्तर आल्याशिवाय

मॅरिएटा, ओहायो
६ जुलै १९५१

चि. ओर्फास ताईचे अनेक आशीर्वाद.

चेरीचा मुरांबा पोचला. एमस म्हणतात, मेहुणीचं भुतांशी सूत जुळलं तरी हाताची चव काही गेली नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. आमचं लेकरू, वेंडेल, कोरियाच्या लढाईत बेपत्ता असल्याची तार आली. मेला असं त्यात नाही, जिवंत असंही नाही. चर्चमधल्या बायका केक आणून ठेवतात आणि लगेच निघून जातात. शेजारची मेबल तर म्हणाली, की सख्खी बहीण मेलेल्यांशी बोलते, मग मी वाट कसली बघतेय.

तुझ्या कामाला मी थापा म्हणत आले. तरी आज पदर पसरते. वेंडेल तुझ्या त्या मेलेल्यांत आलाय का, एवढं विचारून सांग. आला असेल तर लपवू नकोस. माझ्यावरची माया तेवढी राहू दे.

तुझी ताई,
ल्युक्रेशिया


तळ्याकाठची वसाहत, न्यूयॉर्क राज्य
२१ जुलै १९५१

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून स्वयंपाकघरातच बसकण मारली. वेंडेलला मी न्हाऊ घातलंय गं.

घरच्या माणसासाठी आम्ही सहसा निरोप घ्यायला बसत नाही. माहिती फार असते, आणि आपली आठवणच मेलेल्याचा आवाज काढून बोलते. तरी बसले. झाडीतल्या बुंध्यापाशी आमची दुपारची सभा भरते, ती पांगल्यावर गेले. आमची रीत तुला ठाऊक आहे. मेलेल्याचा निरोप देण्याआधी समोर बसलेल्या माणसाला विचारायचं, की मी तुमच्याकडे येऊ का, आणि त्यानं मोठ्यानं हो म्हटल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. वेंडेललाही नाव घेऊन तसंच विचारलं. उत्तर आलं नाही. मग रोजच जाऊ लागले.

काल मनात शब्द आले, की आई, मला थंडी वाजत नाही, तुझा स्वेटर अंगात आहे. ताई, तो स्वेटर तू विणत होतीस तेव्हा लोकर धरून मीच बसले होते. शब्द माझेच होते. गिळले.

इथले जुने माध्यम क्रल, माझ्यासारखेच मेलेल्यांचे निरोप सांगणारे, म्हणाले, की जिवंत आहे असं लिहून टाक, आईला तेवढाच आधार. त्यांना दारातूनच वाटेला लावलं. मला काही ऐकू आलं नाही, ताई. यावरून तो जिवंत आहे असंही समजू नकोस. कितीतरी मेलेलेही येत नाहीत. रागावलीस तरी मला टाकू नकोस.

तुझी,
ओर्फा


मॅरिएटा
३० जुलै १९५१

चि. ओर्फास आशीर्वाद.

तुझं पत्र चुलीत टाकायला निघाले होते, एमसनी हात धरला. नुसती चडफडत होते. साऱ्या जगाच्या मेलेल्यांना हिच्याकडे यायला फुरसत आहे, आणि माझ्या लेकाविषयी हिला एक शब्द सांगता येत नाही!

मग भांडी घासताना डोक्यात आलं. थाप मारायला याहून सोपी वेळ तुला मिळाली नसती. मी ताट घेऊनच उभी होते, वाढलं असतंस ते खाल्लं असतं. स्वेटरवर तर लगेच विश्वास ठेवला असता. आणि तू लिहिलंस, ऐकू आलं नाही. म्हणजे इतकी वर्षं ऐकू आलं म्हणून लोकांना सांगतेस, तेही खरंच असणार. मेबल नाक मुरडून म्हणाली, मग कसली गं ही माध्यम. जन्मात पहिल्यांदा मी तुझ्या बाजूनं भांडले.

घर खायला उठतं. वेंडेलसाठी दुसरा स्वेटर विणायला घेतलाय, बाह्या राहिल्यात. एमस मला बसमध्ये बसवून द्यायला तयार आहेत. त्या बुंध्यापाशी तुझ्याशेजारी विणत बसेन. कुणी आलं तर आलं, नाही तर आपण दोघी आहोतच.

तेव्हा तुमच्या रीतीनंच विचारते. ओर्फा, मी तुझ्याकडे येऊ का? मोठ्यानं उत्तर दे.

तुझीच,
ताई