फिजिक्सबरोबर इतिहास मिळत नाही

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी बोलायचं म्हटलं तर आधी तुमचा आवाज आठवावा लागतो. चेहरा लगेच येतो, भिंतीवर फोटो आहे. आवाज मात्र शोधावा लागतो. आज रविवार, दुपार झालीय, कुकर उतरवून ठेवलाय आणि एकटीने जेवायला बसावंसं वाटत नाही, म्हणून लिहितेय. माझं मराठी वाचून हसू नका. इथे बेंगळुरात शाळेत कन्नड आणि इंग्लिश, मराठी फक्त घरात. तुम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने अक्षरं गिरवून घेतलीत आणि आई ओरडायची, आत्ताच पुसली होती फरशी. तेवढ्याच शिदोरीवर हे लिहिणं चाललंय. आई गेल्यापासून तर बोलणंही बंद झालं. कॉलेजात इंग्लिश, दुकानात कन्नड, रिक्षात कन्नड. कधीकधी भाजी चिरताना मी मुद्दाम मोठ्याने काहीतरी म्हणते, मीठ संपत आलंय असलं काहीतरी, नुसतं मराठी ऐकू यावं म्हणून.

तुम्ही गेलात तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. अजून त्याच कॉलेजात आहे, अजून फिजिक्सच शिकवते. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की माझी खुर्ची अॅडमिशनच्या टेबलामागे येते. मुलं आईबापांना घेऊन येतात, मी मार्क बघते आणि सांगते, तुला हे कॉम्बिनेशन मिळेल, हे मिळणार नाही. चार विषयांचा एकेक गट बांधलेला असतो. त्यातला एक काढून दुसरा घालता येत नाही. ज्याला गणित हवं पण केमिस्ट्री नको, त्याला मी नाही म्हणते. जिला बायॉलॉजीबरोबर मानसशास्त्र हवं, तिलाही नाही म्हणते. वीस-बावीस वर्षांत हे इतक्या वेळा म्हटलंय की मान आपोआप हलते.

यंदा एक मुलगी आली. सोबत आई. दोघी टेबलासमोर उभ्या राहून आपसात कुजबुजत होत्या आणि ती कुजबुज मराठीत होती. मी एकदम वर बघितलं. आपल्यासारखं मराठी नव्हतं ते, विजापूरकडचं होतं, हेल वेगळा. पण मराठी होतं. "बसा ना," मी म्हणाले, आणि दोघींच्या तोंडावर जे हसू आलं, अण्णा, काय सांगू. मुलीची आई लगेच खुर्ची ओढून बसली. "अय्या, मराठी हाईत तुम्ही? मग तुम्हीच समजावा वो हिला. मार्क एवढे चांगले पडलेत आणि म्हणतीय इतिहास पाहिजे."

"इतिहास आणि फिजिक्स," मुलगी म्हणाली. "आणि गणित."

"असं कॉम्बिनेशन नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे फिजिक्स सायन्समध्ये आणि इतिहास आर्ट्समध्ये. दोन्ही एकत्र मिळत नाहीत."

"का पण?"

आईने तिच्या मांडीवर चापट मारली. मी म्हणाले, नियम आहे. मग तिने मला जे सांगितलं ते मी तुम्हाला तिच्याच शब्दांत सांगते. ती म्हणाली, "मॅडम, आमचं घर गोलघुमटाच्या मागच्या बाजूला होतं. लहानपणापासून रोज बघत आले. एवढा मोठा घुमट, मध्ये एक खांब नाही, तो पडत का नाही हे मला शिकायचंय. पण तो कुणी बांधला, कशासाठी बांधला, दगड कुठून आणला, तेही शिकायचंय. एक शिकलं तर दुसरं शिकायचं नाही असं का?" मागे रांग लागली होती. एका बापाने घड्याळाकडे बघून सुस्कारा टाकला. मी नेहमीसारखी नाही म्हणून मान हलवली.

त्या क्षणी मला तुम्ही आठवलात. पीण्याच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आलेले, निळा तिथलाच शर्ट, बाहीवर ऑइलचा डाग, आणि शेजारी मी, दहावी पास, दोन वेण्या. मला फिजिक्स, गणित आणि भूगोल हवा होता. ढग कसे चालतात, पाऊस एका गल्लीत पडतो आणि दुसरीत का नाही, हे मला कळून घ्यायचं होतं. काउंटरमागचा माणूस न बघता म्हणतो, "रूल्सल्ली इल्ला सार." नियमात नाही. तुम्ही कन्नडात त्याला विचारता, बायॉलॉजीच्या जागी भूगोल घातला तर कॉलेजचं काय बिघडतं? तो परत तेच म्हणतो. तुमचा आवाज चढतो. सगळे वळून बघायला लागतात, माझ्याच शाळेतल्या दोन मुली बघतात, आणि मी तुमची बाही ओढून म्हणते, राहू दे अण्णा, बायॉलॉजी चालेल. तुम्ही फॉर्म ओढून घेतलात. सही करून बाहेर आलात. बसस्टॉपवर मला रडू फुटलं, तेव्हा तुम्ही जवळ घेतलं नाहीत. म्हणालात, "भूगोल हवा होता की नव्हता?" मी म्हणाले, हवा होता. "मग हवं म्हणायला लाज कसली? मी भांडत होतो ना? ते नाही म्हणाले, सरी, ठीक आहे, त्यांची मर्जी. तू का नाही म्हणालीस?" मग बस आली. इतकं कठोर तुम्ही त्याआधी माझ्याशी कधी बोलला नव्हतात, नंतरही नाही.

आणि मग पुढच्याच आठवड्यात तो डबा. तुमच्या कारखान्यातल्या पत्राकाम करणाऱ्या दोस्ताकडून करून घेतलेला, वर नरसाळं, आत मापाची पट्टी. "कॉलेजात शिकवत नाहीत तर गच्चीवर शिकू," म्हणालात. पाऊस मोजायचा डबा! तुम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं, मलाही नाही. तुम्ही तो नेमका पाण्याच्या टाकीखाली ठेवलात. बाहेर कडक ऊन आणि आपल्या डब्यात रोज सकाळी पाऊस. तुम्ही गंभीरपणे पट्टी वाचून सांगताय, आज स्वल्प जास्त पडलाय, आणि आई गच्चीच्या दारात पोट धरून हसतेय. टाकी गळत होती हे आपल्याला सगळ्यात शेवटी कळलं. ते वर्षभर आपण पाऊस मोजला. त्याचं पुढे काही झालं नाही. मी बेडूक कापले, परीक्षा दिल्या, बायॉलॉजी सोडायची संधी मिळाली त्या दिवशी सोडली. फिजिक्स उरलं. ते बरं आहे, मी त्यावर नाराज नाही. पण भूगोल राहिला तो राहिलाच.

तर ही मुलगी. मी तिला त्या दिवशी बायॉलॉजीऐवजी कंप्युटरचं कॉम्बिनेशन दिलं, कारण जागा शिल्लक असलेलं तेवढंच उरलं होतं. मग दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांकडे गेले. इतकी वर्षं नोकरी केली, पण कुणासाठी असं काही मागायला मी त्या खोलीत कधी गेले नव्हते. म्हणाले, सर, हिला आर्ट्सच्या वर्गात इतिहासाला नुसतं बसू द्या. परीक्षा नको, मार्क नकोत. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. म्हणाले, "मॅडम, एकीला बसवलं की उद्या दहा येतील. टाइमटेबल कोण करणार?" मी म्हणाले, मी करते. ते हसले, म्हणाले, बरं, बसू दे, पण तिची हजेरी कमी पडली तर मी जबाबदार नाही. तुम्ही असतात तर तुम्हाला सांगितलं असतं. घरी येऊन कुणाला सांगणार? मी दार उघडलं, चपला काढल्या, दिवा लावला.

काही आठवडे छान गेले. इतिहासाचा तास संपला की ती धावत वर फिजिक्सच्या लॅबमध्ये यायची आणि मला सांगायची, आज काय झालं. मराठीत, भरभर, हातवारे करत. एकदा मला विचारते, "मॅडम, तुम्ही बेंगळुरात कधी आलात?" मी म्हणाले, आलो नाही, इथलेच आहोत, तीनशे-चारशे वर्षं झाली म्हणतात. "कुठून पण?" मला माहीत नव्हतं. अण्णा, आपल्या घरात हे कधी कुणी बोललंच नाही. तुम्ही म्हणायचात, आपण इथलेच. ती म्हणाली, "मग विजापूरच्या फौजेबरोबर आला असाल. त्या वेळी हा मुलूख आमच्या बादशहाने जिंकला आणि मराठा सरदाराच्या हातात दिला. तुम्ही आमच्याच गावावरून आलात!" आणि टाळ्या वाजवून हसली. मीही हसले. त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत होते आणि इतकं वेगळं वाटत होतं. एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की आपण कुठून तरी आलोय. मी विचारलंही नव्हतं.

मग हजेरी. इतिहासाचा तास कंप्युटरच्या लॅबवर पडत होता, ती लॅब बुडवत होती, आणि पहिल्या परीक्षेआधी तिचं नाव बोर्डावर लागलं. आईला बोलावणं गेलं. तिघी प्रिन्सिपॉलांसमोर उभ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं होतं ना, असं. मुलीला म्हणाले, एकतर इथे राहून सायन्स नीट कर, नाहीतर दुसरीकडे आर्ट्स घे. आई रडायला लागली. "एवढे मार्क घेऊन आर्ट्स? लोक काय म्हणतील वो?" मी मुलीकडे बघत होते. मला वाटलं आता ही आईची बाही ओढेल आणि म्हणेल, राहू दे, कंप्युटर चालेल.

ती म्हणाली, "मला इतिहास हवाय. फिजिक्सही हवंय. पण दोन्ही देणार नसाल तर मी इतिहास घेते."

इतकंच. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. जिन्यावर मी तिला गाठलं आणि फिजिक्स सोडू नको म्हणून किती समजावलं. गणिताची तिला किती उत्तम समज आहे, पुढे आर्किटेक्चरला जायचं तर फिजिक्स लागतंच, इतिहास काय, पुस्तकं वाचूनही होतो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण मी ठरवलंय." दुसऱ्या एका कॉलेजात तिला इतिहास, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र मिळालं. मी म्हणाले, मग रविवारी माझ्या घरी ये, फिजिक्स मी शिकवते. ती आली. खरंच आली. जेवायच्या टेबलावर आम्ही कमानीचं वजन कुठून कुठे जातं ते काढायचो, ती चपातीच्या पिठाची कमान करून बघायची, मग आम्ही दोघी जेवायचो. मी आईच्या पद्धतीचं पिठलं केलं तर म्हणाली, आमच्याकडे याहून तिखट करतात, आणि स्वतः उठून मिरच्या आणल्या. या घरात किती दिवसांनी कुणीतरी न विचारता फ्रिज उघडला.

मग तिच्या वडिलांना बोम्मसंद्राच्या कारखान्यात काम मिळालं आणि ते घर हलवून तिकडे गेले. आपण शहराच्या या टोकाला, ते त्या टोकाला. मेट्रो आहे म्हणाली, येईन. एका रविवारी आली, दुपारपर्यंत पोचली आणि जेवून लगेच निघावं लागलं. पुढच्या वेळी आईला बरं नव्हतं. आज सकाळी फोन आला. "मॅडम, मला तिकडेच एक सर मिळालेत, ते फिजिक्स शिकवतात. तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?" मी म्हणाले, छे गं, वाईट काय, चांगलंच झालं. तिने इतिहासात वर्गात पहिला नंबर काढलाय. घुमटावर काहीतरी लिहून शिक्षकांना दाखवलंय, ते खूश आहेत. तिचं चांगलं चाललंय, अण्णा. नीट चाललंय. फोन ठेवला. त्याआधीच मी दोघींच्या मापाचा भात टाकला होता, तो तसाच कुकरमध्ये आहे.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला माहीत नाही, आणि असता तरी टाकलं नसतं, कारण शेवटी एक गोष्ट लिहायची आहे ती कुणी वाचू नये असं वाटतं. त्या दिवशी जिन्यावर मी तिला फिजिक्ससाठी थांब म्हणाले, ते फिजिक्ससाठी नव्हतं. कॉलेजात मराठीत बोलणारं दुसरं कुणी नाही.