विहाराच्या कमानीवरचा निळा सांजेला उतरतो त्याबाबत

प्रति,
मा. विद्युत निरीक्षक,
विद्युत निरीक्षण विभाग, चंद्रपूर

विषय : मौजा हळदीटोला येथील बुद्ध विहाराच्या कमानीवरील पिक्सेल लाइटिंगचे पॉवर सप्लाय हलक्या दर्जाचे असल्याच्या तक्रारीवर खुलासा व तातडीच्या तपासणीची विनंती.

संदर्भ : माझा तारतंत्री परवाना निलंबित का करू नये, असे विचारणारे आपले दि. २२ सप्टेंबर २०२५ चे पत्र.

महोदय,

१. "हिनं झेंड्याचा निळा खाल्ला, बाई." गेल्या महिन्यात विहारासमोर, माझ्या पाठीमागून वीतभर अंतरावर, बायनाबाई रामटेके शेजारणीच्या कानात हे बोलल्या. मी वळले तेव्हा त्या हात जोडून उभ्या होत्या. मी बसवलेल्या कमानीवरच्या लाइटिंगकडे पाहिलं, तर त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. दिव्यांतला झेंडा मळकट दिसत होता आणि पांढरं धम्मचक्र तांबूस पडलं होतं. पिक्सेलच्या बारीक दिव्याला वीज कमी पडली की तांबडा टिकतो, निळा सगळ्यात आधी जातो. पण हे गावाला कसं समजावायचं. आमच्याकडे निळा जाणं ही साधी गोष्ट नाही. चार दिवसांत अकरा जणांच्या सहीनं आपल्याकडे तक्रार आली. सहावी सही माझ्या नवऱ्याची, श्री. प्रफुल निमगडे यांची आहे. विचारलं तर म्हणाले, "समाजात राहाचं आहे ना."

२. तक्रारीत 'बाईने सप्लाय अंदाजाने आणले' असं आहे. मी शाळेत नववीपर्यंत गेले, बाकीचं जळालेले सप्लाय उघडून शिकले आणि तारतंत्री परीक्षा तिसऱ्या वेळी पास झाले, हे खरं आहे. अंदाजानं मात्र काही आणलेलं नाही. कमानीवर एक हजार पिक्सेल आहेत. पूर्ण पांढरा लावला तर एकेक पाऊण वॅट खातो, म्हणजे साडेसातशे वॅट. साडेतीनशे वॅटचे दोन पुरत नाहीत, म्हणून तीन घेतले. सप्लायला दहाची ताकद असेल तर सातचंच काम सांगावं, नाहीतर तो तापतो आणि भर कार्यक्रमात मान टाकतो. सप्लायची पेटी पाऊस न शिरणारी, पण खालून हवेला भोकं ठेवलेली, वर जाळी, कारण पालीही येतात. लेबलवर माझा विश्वास नाही. ते कोणीही चिकटवतं. म्हणून दुकानातच प्रत्येक सप्लाय मोहफुलांच्या काट्यावर तोलला. आत तांबं आणि लोखंड पुरेसं नसेल तर वजन लपत नाही. काटा घेऊन आलेली बाई पाहून दुकानदारानं आधी चहा मागवला, मग आतल्या खोलीतला माल काढला. तिन्ही सातशे चाळीस ग्रॅमच्या आसपास भरले. वहीत नोंद आहे.

३. तरी तक्रारीनंतर मला पहिला संशय सप्लायचाच आला. कोणी बदलले असतील म्हणून पेटी उघडून पुन्हा तोलले. वजन तेच. मग संशय दुकानदारावर, मग माकडांवर, मग विहार समितीचे अध्यक्ष दादाजीभाऊ यांच्यावर, कारण पेटीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. शेवटी भर दुपारी कमान लावून पाहिली. झेंडा असा निळा की रस्त्यावरची माणसं थांबली. तोच सप्लाय, तेच पिक्सेल. सांज पडली की निळा उतरायचा.

४. म्हणून सप्लायच्या मागे जाऊन गावातली लाइन मोजली. दुपारी दोनशे अठ्ठावीस व्होल्ट. संध्याकाळी सातला एकशे एक्कावन्न. पाऊस पडून गेला त्या दिवशी एकशे अडतीस. सकाळी सहाला परत दोनशे सव्वीस. माझे सप्लाय एकशे सत्तरच्या खाली नीट चालत नाहीत, तसं त्यांच्यावरच लिहिलेलं आहे. शेतातले पंप म्हणावेत, तर पावसात पंप कोण लावतो. पाऊस झाला की ओल्या जमिनीत वीज कुठं गळते, हे मी दारोदार मीटर घेऊन विचारलं. "लायन अशीच असते बाई," असं नऊ घरांत एकाच शब्दांत ऐकलं. लोक इतके एकमतानं बोलले की माझा संशय वाढला. डीपीवर गेले तर फ्यूजच्या तारेच्या जागी खिळ्याएवढी जाड तार, कितीही वीज ओढली तरी फ्यूज उडू नये अशी. ती कोणी टाकली, कोणालाच माहीत नाही.

५. दि. ६ ऑक्टोबरला संध्याकाळी विहारात बैठक झाली. आठ दिवसांवर धम्मचक्र प्रवर्तन दिन. दादाजीभाऊंनी तोडगा काढला. नव्वद व्होल्टवरही चालणारे सप्लाय मिळतात, ते घ्यावेत, तक्रार मागे घेऊ, बाईचा परवानाही वाचेल. मागच्या महिन्यापर्यंत सप्लायला 'डबडं' म्हणणाऱ्या माणसाला नव्वद व्होल्ट कुठून कळले? प्रफुल खाली मान घालून म्हणाले, "घेऊन टाक ना. निळा आल्याशी मतलब." बायनाबाईसुद्धा गोड बोलल्या. महोदय, असे सप्लाय खरंच मिळतात आणि चांगले असतात. मी कबूल करते, परवान्याच्या लोभानं माझी मान हलायला लागली होती. निळा परत आला असता आणि वीज कुठं जाते हे विचारायला कोणाला कारण उरलं नसतं.

६. तेवढ्यात दारापाशी बसलेल्या सोमारीबाई मडावी उठल्या. त्या जंगलाकडच्या टोल्यावर राहतात आणि बैठकीत कधी बोलत नाहीत. त्या काय बोलल्या ते शेवटी लिहिते. आधी लिहिलं तर पुढची विनंती लिहायला माझा हात चालणार नाही.

७. विनंती अशी. मी परवान्यासाठी गयावया करत नाही, त्याचं नंतर पाहावं. आपण आजच माणूस पाठवावा आणि येण्याआधी गावात फोन करू नये. बैठकीतूनच उठून मी डीपीचा मेन बंद केला व फ्यूज काढून पिशवीत घातले. हळदीटोला अंधारात आहे आणि मला घरोघर शिव्या बसत आहेत. परवानगीशिवाय डीपीला हात लावणं गुन्हा असेल तर तोही माझ्या चौकशीत धरावा. फ्यूज या अर्जासोबत जमा करते, म्हणून पोस्टानं न पाठवता पहिल्या गाडीनं स्वतः आले आहे. पण जाड तार पुन्हा ठोकायला कोणाला वेळ लागत नाही. तपासणी कुठून सुरू करावी हे सोबतच्या कागदावरून कळेल. माणसं वाईट नाहीत. डुकरांचा कळप एकदा बांधीत शिरला की वर्षाचं धान चिखलात जातं, हे मी पाहिलं आहे. कारवाई करताना हेही ध्यानात घ्यावं, पण कारवाई करावी.

८. सोमारीबाईंचे शब्द, जसे ऐकले तसे : "सप्लाय बदलू नको, बाई. डुकरासाठी वावराच्या तारेत डायरेक लायन सोडून राह्यले हे लोक, दिवस बुडला की. दादाजीभाऊच्या वावरात हाय, अजून आठ जणाच्या हाय. सगळ्याइले माहीत हाय. मी आन माही सून पहाटे त्याच वावराच्या धुऱ्यावरून सरपणाले जातो. आमी पाय कुठी ठेवाचा, ते सांगा. आन तू काऊन घरोघर मीटर घेऊन फिरून राह्यली? तुह्या प्रफुलभाऊनंच तर सगळ्याइले जोडून देल्ली. पहिली तार तुह्याच वावरात लागली."

आपल्या गाडीची वाट पाहत कार्यालयाच्या पायरीवर बसलेली,

(सही)
सौ. दीपाली प्रफुल निमगडे
मु. हळदीटोला, जि. चंद्रपूर
दि. ७ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१. व्होल्टेज व वजनाच्या नोंदवहीची झेरॉक्स, पाने चार.
२. डीपीचे फ्यूज, नग तीन, जाड तारेसह.
३. श्री. प्रफुल नथ्थू निमगडे यांच्या नावाच्या शेताचा सातबारा.